सात सीटर एसयूव्हीत छताला आतून सामानाची जाळी लावता येते का? किती वजन चालेल?

लावता येते. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की तिसरी ओळ उघडली की डिकीत जागा उरत नाही, पुण्याला जायचंय, आणि इंदूरमध्येच एक जण छतात चार हुक ठोकून अर्ध्या तासात जाळी लावून देतो म्हणाला. त्या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. त्याला गाडी देऊ नका.

असे हुक बसवलेल्या एका गाडीचं छत खोललं तेव्हा आत काय निघालं ते सांगतो. रूफ लाइनिंग म्हणजे खाली कापड, वर फोम आणि दाबून घडवलेला पुठ्ठ्यासारखा थर. सगळं मिळून काही मिलिमीटर. त्यात स्क्रू धरतच नाही, म्हणून फिटरने इंचभर लांबीचे स्क्रू घेऊन थेट छताच्या आडव्या पत्र्याच्या पट्टीत आवळले होते. चारातले दोन पट्टीत बसले. तिसरा पट्टी चुकवून बाहेरच्या पत्र्याला आतून टेकला. छतावर हरभऱ्याएवढा फुगवटा, त्यावर रंगाला केसासारखी चीर. एका पावसाळ्यात तिथे गंज धरला आणि आत कापडावर चहाच्या डागासारखं तपकिरी कडं उमटलं. चौथा स्क्रू मागच्या दिव्याच्या वायरीपासून बोटभर अंतरावर होता. वायर वाचली ते नशीब.

दुरुस्ती म्हणजे सगळे पिलर ट्रिम (दारांमधल्या खांबांवरची प्लॅस्टिकची आवरणं), सनव्हायजर, दिवे, हँडल काढायचे, सीट पूर्ण झोपवायच्या आणि लाइनिंग न वाकवता डिकीच्या दारातून बाहेर काढायचं. एकदा घडी पडली की ती जात नाही. अख्खा दिवस जातो. आणि हे सगळं कशासाठी, तर चार शाली आणि दोन उश्या वर ठेवायला. "पहले भी लगाए हैं, कुछ नहीं हुआ" हे फिटरचं उत्तर मला मान्य नाही. पाणी आत यायला वर्ष लागतं, तोवर गिऱ्हाईक परत त्या दुकानात जात नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जाळी लावायची तर दारांवरच्या पकडायच्या हँडलना, आणि तीही हँडलच्या मधल्या दांड्याला नाही. दांडा स्प्रिंगवर असतो, वजन आलं की लोंबत राहतो आणि स्प्रिंग ढिली होते. दोन टोकांना जे पाय असतात त्यांच्याभोवती कापडी पट्ट्याचा फास टाका. पट्टा २५ मिलिमीटरचा, पॉलिएस्टरचा. नायलॉन ताणला जातो, दमट हवेत आणखी सैल पडतो. स्वस्त प्लॅस्टिकचा पट्टा उन्हाने तडकतो. तीस-तीस सेंटिमीटरचे चार फास, दीड मीटरचे दोन आडवे पट्टे, एक मीटरचे दोन उभे. सात मीटर आणलात की पुरतं. कापलेली टोकं मेणबत्तीवर वितळवून घ्या. शिलाई बॅगा शिवणाऱ्याकडून चौकोन आणि आत फुली अशी घाला. जाळीची भोकं चार सेंटिमीटरच्या आत हवीत. लोखंडी एस-हुक आणि कडी वापरू नका, धडकेत पहिल्यांदा तेच सुटून डोक्यात बसतात. बॅगेला असतं तसं प्लॅस्टिकचं बकल पुरे.

मागे, तिसऱ्या ओळीला, बऱ्याच गाड्यांत हँडल नसतं, फक्त कोट अडकवायचा हुक असतो. तो शर्टाच्या वजनाचा आहे. सीटबेल्टच्या वरच्या नटाला तर काहीही बांधायचं नाही. मग मधल्या ओळीच्या दोन हँडलवर वीतभर रुंदीची झोळी होते, त्यावर समाधान माना.

आता ताण. सगळे सांगतात, कडक ताणून बांधा म्हणजे लोंबणार नाही. चूक आहे. दोन हँडलमध्ये ११० सेंटिमीटर अंतर धरा आणि मधोमध ४ किलो. झोळ ५ सेंटिमीटर ठेवलात तर प्रत्येक बाजूला साधारण २२ किलोची ओढ बसते. झोळ १० केलात की तीच ११ वर येते. त्यात गतिरोधकावर आदळलं की हा जोर सहज दुप्पट. म्हणून झोळ १० सेंटिमीटर आणि वजन जास्तीत जास्त ३ ते ४ किलो, तेही मऊ: शाली, उशी, मुलांचे स्वेटर, टॉवेल. सहा फुटी माणूस मधल्या ओळीत बसणार असेल तर जाळीच नको, डोकं लागणार.

थर्मास, छत्री, नमकीनचे डबे वर नाहीत. पन्नासच्या वेगाने आदळून गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर २ किलोचा थर्मास ४० किलोच्या जोराने पुढे येतो. इंदूरहून धुळ्याकडे येताना लागणारा बिजासन घाट उतरताना ब्रेक किती वेळा लागतात ते तुम्हाला माहीत आहे. डिओ, लायटर, पॉवर बँकही नाही. मे महिन्यात बंद गाडीत छताजवळ खूप तापतं.

लावल्यावर एकेक लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या रात्रभर ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात गाडी तापल्यावर बकल सरकलं का ते परत तपासा.

एक गोष्ट आधीच विचारायला हवी होती: तुमच्या गाडीत कर्टन एअरबॅग, म्हणजे धडकेत बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग, आहेत का? पिलरच्या ट्रिमवर एअरबॅग असं कोरलेलं असतं. २०२३ मध्ये भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांना धडक-चाचणीवरून सुरक्षेचे तारे देणारी योजना, सुरू झाल्यापासून नव्या गाड्यांत सहा एअरबॅग सर्रास दिसतात. त्यातल्या दोन नेमक्या दारांवरच्या कडेने, लाइनिंगच्या आड, घडी घालून ठेवलेल्या असतात आणि हँडलच्या जागेतूनच खाली उघडतात. तशी गाडी असेल तर वर लिहिलेलं हँडलचं सगळं बाजूला ठेवा, काहीही बांधू नका. पुढच्या सीटच्या पाठीला खिशाची जाळी लावा, शाली-स्वेटर कापडी पिशवीत भरून ती तिसऱ्या ओळीच्या पायांशी सरकवा, आणि डिकीत उरलेल्या वीतभर जागेत सामान उभं लावून फरशीतल्या कड्यांना जाळीने आवळून टाका.