वर्ष थांबवा, पण अर्ज देऊन

प्रश्न : मी नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकतो. प्रवेश सप्टेंबर 2023 चा, सध्या थर्ड इयर पार्ट वन सुरू आहे. गोंदिया, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाडा इथून आलेल्या पेशंटला डिस्चार्ज मिळाला की फाउलर बेड (डोक्याची-पायांची बाजू वर-खाली करता येणारा पलंग), ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, व्हीलचेअर आणि अटेंडंट शोधताना नातेवाइकांचे फार हाल होतात. शाळेतल्या मित्रासोबत मी हे सगळं भाड्याने पुरवायला लागलो आणि काम वाढलं. आता एक वर्ष कॉलेज थांबवून पूर्ण वेळ यात घालायचा आहे. सीनियर म्हणतात, कोणाला सांगायचं नाही, अटेंडन्स कमी पडली की वर्ष आपोआप जाते. अन् सरकारी सेवेचा बॉन्ड-फॉन्ड कोर्टात टिकत नाही म्हणून राहिले सारे. मित्राने पाचशेच्या स्टॅम्पवर भागीदारीपत्र तयार केलं आहे. फर्मला पतसंस्था पंधरा लाख देणार आहे, त्यासाठी बाबा मानेवाड्याचं घर तारण ठेवून जामीन राहणार आहेत. पत्रक आणि हिशेबाचा तक्ता सोबत जोडतो. काय करावं? हॉस्टेलची खोली ठेवता येईल का?

उत्तर : तुम्ही विचारलं सुट्टीबद्दल, पण मी सुरुवात करते तुम्ही जोडलेल्या दोन कागदांपासून, कारण घाई तिथे आहे.

पत्रकावर तुमच्या नावाआधी ‘डॉ.’ आहे आणि खाली ओळ आहे, ‘घरी डॉक्टरांच्या देखरेखीखाली सेवा’. तुम्ही अजून नोंदणीकृत डॉक्टर नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 च्या कलम 34 नुसार नोंदणी नसताना वैद्यकीय व्यवसाय केला तर एक वर्षापर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पलंग भाड्याने देणं म्हणजे वैद्यकीय व्यवसाय नव्हे, हे खरं. पण उद्या तुमच्या अटेंडंटच्या हातून पेशंट पलंगावरून पडला, तर पोलीस स्टेशनमध्ये सगळ्यात आधी हे पत्रकच टेबलावर येईल आणि त्यावर तुम्ही स्वतःच देखरेखीची हमी दिलेली असेल. उरलेली पत्रकं आजच बाद करा, व्हॉट्सॲपवरची इमेजही काढा.

तक्त्यातली एक ओळ त्याहून वाईट आहे : ‘वॉर्ड – 10%’. डिस्चार्जच्या वेळी तुमचा नंबर देणाऱ्या रेसिडेंट डॉक्टरला किंवा वॉर्डातल्या माणसाला दिलेला हा हिस्सा, असं मी समजते. तुम्ही त्याला कमिशन म्हणता. सरकारी रुग्णालयात पगार घेणाऱ्या माणसाला त्याच्या कामाच्या ओघात दिलेल्या अशा पैशाला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, 1988 लाच म्हणतो. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणारा सरळ आरोपी होतो आणि कलम 8 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. घेणारा डॉक्टर असेल तर 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेतही पेशंट पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला बंदी आहे, म्हणजे त्याचीही नोंदणी अडचणीत. ‘सगळेच देतात’ हा बचाव आजवर कुठल्या कोर्टात चाललेला नाही. ही ओळ तक्त्यातून खोडून भागणार नाही, देणंच बंद करा. दर छापलेलं पत्रक धंतोली-रामदासपेठेतल्या औषध दुकानांत उघडपणे ठेवा. काम कमी मिळेल, पण जे मिळेल ते तुमचं असेल.

आता सुट्टी. वर्षभर थांबणं म्हणजे गुन्हा नाही आणि त्याने डॉक्टरकीचा रस्ताही बंद होत नाही. 2023 च्या पदवी वैद्यकीय शिक्षण विनियमांनुसार प्रवेशाच्या तारखेपासून नऊ वर्षांच्या पुढे एमबीबीएस चालू ठेवता येत नाही. तुमच्यासाठी ही मुदत सप्टेंबर 2032 ला संपते. अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यानंतर इंटर्नशिप. एक वर्ष थांबलात तरी हाताशी पुरेशी वर्षं राहतात. मात्र सुट्टीचा काळ या नऊ वर्षांत मोजला जाणार नाही असं त्या नियमात म्हटलेलं नाही. व्यवसायातली वर्षं आणि नापास होण्याची वर्षं एकाच खात्यातून जातात. मल्टिपल एन्ट्री-एक्झिटबद्दल, म्हणजे शिक्षण मधेच सोडून नंतर परत येण्याच्या सोयीबद्दल, तुम्ही ऐकलं असेल. एमबीबीएसमध्ये मधेच बाहेर पडून डिप्लोमा हातात पडेल अशी सोय नाही.

सीनियरांचा सल्ला मला अजिबात पटत नाही. विद्यापीठ परीक्षेला बसायला थिअरीत 75 आणि प्रॅक्टिकल-क्लिनिकलला 80 टक्के हजेरी लागते. न सांगता गायब झालात तर कागदावर ‘रजा’ नसते, नुसती गैरहजेरी असते. मग पटावरचं नाव, फी, शिष्यवृत्ती, सगळीकडे खुलासे तुम्हालाच देत बसावे लागतात. परत येताना कोणत्या टर्मला घ्यायचं हे ज्याच्या टेबलावर ठरेल, त्याच्या समोर तुमच्या बाजूचा एकही कागद नसतो.

म्हणून पार्ट वनची विद्यापीठ परीक्षा आधी देऊन टाका, म्हणजे परतताना अर्धवट टर्म जुळवायची भानगड राहत नाही. त्याआधीच अधिष्ठात्यांच्या नावे अर्ज द्या आणि तो कॉलेजमार्फत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पाठवण्याची विनंती त्यातच करा. सुट्टी कधीपासून कधीपर्यंत, परत कोणत्या टर्मला, त्या वर्षाची फी आणि शिष्यवृत्तीचं काय, हे स्पष्ट विचारा. कारण खरं लिहा. आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट जोडण्याचा मोह होईल, आणि मेडिकलच्या मुलाला ते मिळतंही पटकन. तो वेगळा गुन्हा आहे. केंद्र सरकारचं 2019 चं विद्यार्थी-प्राध्यापकांसाठीचं नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरण जोडा, त्यात उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्याला सवलत देण्याचा विचार आहे. पण ते मार्गदर्शक आहे, हजेरीच्या नियमावर मात करणारं नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. लिपिक ‘ठेवून जा’ म्हणेल, तरी शिक्क्याशिवाय हलू नका. परवानगी हातात येईपर्यंत वर्गात जात राहा.

सुट्टी हा तुमचा हक्क नाही, हेही लक्षात ठेवा. अर्ज महिनोन्‌महिने पडून राहिला तर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट याचिका करता येते, पण न्यायालय साधारणपणे ‘अर्जावर निर्णय घ्या’ एवढंच सांगेल. सुट्टी द्याच, असं सांगेल या भरवशावर राहू नका.

बॉन्डचा आणि सुट्टीचा थेट संबंध नाही. राज्यातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर एक वर्ष सरकारी सेवा, ही अट तुम्ही परत येऊन पास झालात की तशीच उभी आहे. कायमचं सोडलंत तर प्रवेशाच्या वेळी सही केलेलं हमीपत्र बाहेर निघेल, त्याची प्रत आणून वाचा. कोर्टात टिकत नाही, हे कट्ट्यावरचं कायद्याचं ज्ञान झालं. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2019 मध्ये डॉक्टरांच्या सक्तीच्या सेवा-बॉन्डची वैधता मान्य केली आहे. करार कायद्याच्या कलम 74 मुळे करारातला दंड वाजवी भरपाईपुरता कमी होऊ शकतो. पण सरकारी आदेशाखाली सार्वजनिक कर्तव्यासाठी दिलेल्या बंधपत्राला त्याच कलमात अपवाद आहे, आणि खरी लढाई त्या अपवादावरच होते.

भागीदारीपत्रावर सही करू नका. 1932 च्या कायद्याप्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकेकटा पूर्ण जबाबदार असतो. तुम्ही वॉर्डात पोस्टिंग करत असताना मित्राने फर्मच्या नावावर दहा कॉन्सन्ट्रेटर उधारीवर उचलले, तर पुरवठादार तुमच्याकडून सगळे पैसे मागू शकतो. बाहेर पडल्यावरही जाहीर नोटीस दिली नाही तर जबाबदारी चिकटून राहते. फर्म नोंदवलेली नसेल तर भाडं थकवणाऱ्यावर फर्मच्या नावे दावा लावता येत नाही. शिवाय या दस्ताला मुद्रांक भांडवलाच्या प्रमाणात लागतं, सरसकट पाचशेचा कागद चालत नाही. तुमच्यासारख्याला एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्व भागीदारी, बरी. जबाबदारी गुंतवलेल्या रकमेपुरती राहते, आणि उलाढाल 40 लाख व भांडवल 25 लाखांच्या आत असेपर्यंत ऑडिटही सक्तीचं नाही. तुम्ही कॉलेजात परतल्यावर सह्या कोणी करायच्या, पगार कोणाला, बाहेर पडायचं तर हिश्श्याची किंमत कशी काढायची, हे करारात आत्ताच लिहा, मैत्री चांगली आहे तोवर. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हे नियंत्रित वैद्यकीय उपकरण आहे. त्याच्या साठवण-वितरणासाठी अन्न व औषध प्रशासनाची एमडी-42 नोंदणी लागते, ती एलएलपीच्या नावाने घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

बाबांच्या जामिनाबद्दल माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. एलएलपी केली तरी वैयक्तिक जामिनाने तिचं संरक्षण निरर्थक होतं, कारण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. त्यात ही पतसंस्था. तिला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं बसावं लागत नाही. सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो आणि विशेष वसुली अधिकारी घराच्या दारावर जप्तीची नोटीस लावतो. त्या टप्प्यावर माझ्याकडे आलेल्या कुटुंबांसाठी करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. पंधरा लाखांची उपकरणं आत्ताच विकत घ्यायलाच हवीत का, हे तुमच्याच तक्त्याला विचारा. निम्मे पलंग महिन्यातले दहा दिवस रिकामे दिसतात. लागतील तेवढे दुसऱ्या पुरवठादाराकडून भाड्याने घेऊन पुढे द्या, वर्षभर घर मोकळं राहू द्या.

हॉस्टेलची खोली शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी असते. मंजूर सुट्टीवर असाल तर ती सोडा आणि सोडल्याची पावती घ्या. तिथे व्हीलचेअर ठेवणं किंवा तो पत्ता एलएलपीचं नोंदणीकृत कार्यालय म्हणून देणं तर नाहीच. त्यासाठी मित्राच्या घराचं वीजबिल आणि घरमालकाचं ना-हरकत पत्र चालेल.