आजच्या भारतीय कादंबऱ्यांत शहरातली कुटुंबं सारखी भांडणारी, विस्कटलेलीच का असतात? वाचायचं तर सुरुवात कुठून करावी?

ही भांडणं मुळात पैशावरनं आणि खोल्यांवरनं असतात, आणि शहरात दोन्ही गोष्टी कमीच पडतात. कादंबरी हातात घेतली की मी आधी बघतो, घरात कमवतं कोण आणि घर कुणाच्या नावावर आहे. प्रेम, मत्सर, आजारपण सगळं मग त्या हिशोबानं उलगडत जातं.

सुरुवात विवेक शानभागांच्या ‘घाचर घोचर’पासून करा. मूळ कन्नड, 2013 ची, अगदी छोटी. बंगळूरचं कुटुंब. आधी एकामागं एक लागून असलेल्या चिंचोळ्या खोल्या, मुंग्यांचा सुळसुळाट, वडिलांची सेल्समनची नोकरी. मग काकाचा मसाल्याचा धंदा चालतो, मोठं घर होतं आणि कमावत्या काकाला दुखवायचं नाही हाच घरचा कायदा होऊन बसतो. एक दिवस एक बाई मसूरच्या आमटीचा डबा घेऊन दारात येते, काकाला भेटायचं म्हणते. आई आणि बहीण मिळून तिला शिव्या घालून हाकलतात. नवी सून तेवढी तोंड उघडते. पुढचं सांगत नाही.

बंगळूरचं म्हणून वाचायला घेतलं आणि आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेचं निघालं. इथं जुन्या वाड्याच्या दारात लाइटची तीन-चार मीटरं ओळीनं दिसली की समजायचं, भावांच्या चुली वेगळ्या झाल्या. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मात्र अजून आजोबाच. 2005 साली कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. पण घराघरांत काय चालतं? बहिणीला माहेरी बोलावतात, जेवू घालतात, साडी देतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. आमच्या नात्यातल्या एका आत्यानं सही करायला साफ नकार दिला. तेव्हापासून भाच्यांच्या लग्नाच्या पत्रिका तिला पोस्टानं येतात. अक्षता घेऊन दारात कुणी जात नाही. या आत्यावर मराठीत कुणीतरी लिहायला पाहिजे, खरंच.

असो. दुसरं पुस्तक जेरी पिंटोंचं ‘एम अँड द बिग हूम’ (2012). इंग्रजी जड वाटत असेल तर शांता गोखल्यांचा मराठी अनुवाद आहे, ‘एम आणि हूमराव’. माहीममधला वन बीएचके, त्यात चौघं, आणि आईचं मानसिक आजारपण. आई बिड्या ओढत वाट्टेल ते बोलते, आणि ते इतकं भन्नाट असतं की आजारी कोण हेच आपण विसरतो. एवढ्याशा जागेत मुलांना दार लावून घ्यायचीही सोय नाही.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (2006) मराठीतच आहे. पुण्यातलं सुशिक्षित घर, पेइंग गेस्ट म्हणून एक तरुण राहायला येतो आणि भाऊ-बहीण दोघांचाही त्याच्यावर जीव जडतो. आधी भाऊ सांगतो, मग बहीण. खोली भाड्यानं दिली नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं! माझ्या मते बहिणीचा भाग जास्त खणखणीत आहे.

नाटक चालत असेल तर जयंत पवारांचं ‘अधांतर’ सोडू नका. 1982 चा गिरणी संप, मुंबईतली चाळ, आणि घराची कमाई थांबल्यावर एकमेकांवर निघणारा राग. कोल्हापुरात गिरणगाव नव्हतं, पण कारखान्याचा पगार थकला की जेवणाच्या ताटावर काय बोललं जातं ते इथंही ठाऊक आहे.

अवनी दोशींची ‘बर्न्ट शुगर’ही पुण्यातलीच. 2020 च्या बुकरच्या अंतिम यादीत होती. आईची स्मृती जात चाललेली, आणि लहानपणी जिनं आपल्याकडे बघितलं नाही तिला सांभाळायची पाळी मुलीवर. लिहिलीय उत्तम, पण फार थंड हातानं. ती शेवटी घ्या. घरात सध्या कुणाचं आजारपण काढत असाल तर तूर्त नकोच.