दहा दिवसांच्या मौनाआधी रात्रीची झोप

'मॅडम, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असताना मी दहा दिवस शिबिराला गेले, तर तो स्वार्थ होईल का?'

सुनंदाताईंनी खुर्चीत बसण्याआधीच हा प्रश्न विचारला होता. त्यांचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. त्यांची गोष्ट लिहिण्यास त्यांची संमती आहे. नाशिकमधील माझ्या समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न निरनिराळ्या रूपांत सतत पुढे येतो. कोणाला इगतपुरीला विपश्यनेसाठी जायचे असते, कोणाला गोंदवल्यास चार दिवस नामस्मरणात घालवायचे असतात, कोणाला चर्चच्या रिट्रीटला जायचे असते. विचारणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात आणि त्यांच्या घरात बहुधा कोणीतरी आजारी, परीक्षेला बसलेले किंवा नुकतेच बाळंत झालेले असते. पुरुषांना शिबिराला जायचे असेल तर ते रजा मिळेल का याची चिंता करतात. आपण स्वार्थी ठरू का, असे विचारायला आलेला पुरुष मला आजवर तरी भेटलेला नाही.

सुनंदाताई ५२ वर्षांच्या, कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या. सासूबाईंना चार वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली, बोलणेही अस्पष्ट झाले. यजमान अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळीच्या नोकरीत, मुलगा पुण्यात. दिवसा एक मावशी येत, संध्याकाळी सहापासून सकाळपर्यंत सगळे सुनंदाताईंकडे. त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. आपण नसताना घर कसे चालवायचे याच्या सूचना त्यांनी तिच्यात लिहून काढल्या होत्या : कोणती गोळी कुटून द्यायची, पेज किती पातळ हवी, डायपर बदलताना कोणत्या कुशीवर आधी वळवायचे. अकरा पाने भरली होती. अकराव्या पानाच्या तळाशी रात्रीच्या वेळा होत्या : ११, १, ३, ५.

मी त्या आकड्यांवर बोट ठेवून विचारले, तेव्हा त्यांनी अगदी सहज सांगितले की डॉक्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितले आहे, नाहीतर पाठीला आणि खुब्याला जखमा होतात, म्हणून मोबाइलला चार अलार्म लावलेले आहेत. चार वर्षांत सासूबाईंना एकही जखम झालेली नव्हती. या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो असायलाच हवा होता. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा होता की या बाईने चार वर्षांत सलग दोन तासांची झोप क्वचितच घेतली होती. मी त्यांना आठवडाभर झोपेची नोंद ठेवायला सांगितली. पुढच्या भेटीत त्यांनी ती आणली, मराठीच्या बाईंना शोभेल अशा सुवाच्य अक्षरात, आणि सात रात्रींत सर्वांत लांब झोप सव्वा तासाची होती.

येथे मला या प्रश्नाविषयीचे माझे मत स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण शिबिराला जाऊ इच्छिणाऱ्या पुष्कळांचा येथेच घोटाळा होतो. 'थकले आहे, शांतता हवी आहे' या एकाच वाक्यात दोन वेगळ्या गरजा मिसळलेल्या असतात. एक गरज झोपेची, कोणीतरी आयते ताट वाढून देण्याची, कोणाच्याही हाकेला 'ओ' न देण्याची असते. दुसरी गरज स्वतःच्या आयुष्याकडे स्थिरपणे पाहण्याची असते. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात १९७६ पासून शिबिरे होत आहेत आणि सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून आणून शिकवलेली ही साधना दुसऱ्या गरजेसाठी आहे. तेथे पहाटे चारला घंटा होते, साडेचारला ध्यान सुरू होते, रात्री नऊपर्यंत दिनक्रम आखलेला असतो आणि दिवसाकाठी दहा तासांहून अधिक बैठक असते. फोन जमा करावा लागतो, वाचन-लेखन बंद, पहिले नऊ दिवस आणि दहाव्या दिवसाचा काही भाग आर्यमौन. साडेतीन दिवस केवळ श्वासाकडे लक्ष द्यायचे, चौथ्या दिवशी विपश्यना शिकवली जाते आणि मग रोज तीन वेळा तासभर आसन न बदलता बसण्याचा निश्चय असतो. शुल्क घेत नाहीत. आधी शिबिर केलेल्यांच्या दानातून सगळे चालते, त्यामुळे पुष्कळांची समजूत अशी होते की ही कोणालाही झेपणारी, फुकटची विश्रांती आहे. प्रत्यक्षात ही मेहनत आहे, आणि ज्याच्या अंगात झोपेची चार वर्षांची उधारी साचलेली आहे त्याने ती उधारी आधी थोडी तरी फेडली नाही, तर तो ध्यानाच्या बैठकीत पेंगतो आणि मग स्वतःलाच दोष देत घरी येतो.

हे मी सुनंदाताईंना सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा पडला. 'म्हणजे जाऊ नको म्हणता?' मी म्हटले, 'जा. पण आधी रात्र दुरुस्त करू.'

त्याआधी त्यांना फिजिशियनकडे पाठवले. हिमोग्लोबिन कमी निघाले, त्यावर उपचार सुरू झाले. मनोविकाराची लक्षणे किंवा त्यासाठीची औषधे नव्हती, हेही पाहून घेतले. याबाबत मी फार कडक आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका तरुणाने मौनशिबिराला जाण्यापूर्वी मनोविकारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या स्वतःहून बंद केल्या होत्या आणि अर्जात आजार लपवला होता. सहाव्या दिवशी घरच्यांना जाऊन त्याला आणावे लागले आणि पुढचे दोन महिने फार अवघड गेले. अर्जात मानसिक आजार आणि औषधे यांविषयी विचारलेले असते, ते साधकाच्याच संरक्षणासाठी. ज्यांना उन्माद-अवसाद, भ्रम-भास यांचा त्रास आहे किंवा झालेला आहे, त्यांनी दीर्घ मौनाच्या शिबिराचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. 'गोळीशिवाय जमते का पाहू' या विचाराने तर मुळीच जाऊ नये.

तिसऱ्या भेटीला सुनंदाताई उशिरा आल्या आणि बराच वेळ वहीच्या कोपऱ्याशी चाळा करीत बसल्या. मग म्हणाल्या, 'तिथे बोलायचं नसतं ना. मग डोक्यात जे आहे तेवढंच उरेल.' काय आहे डोक्यात, असे मी विचारले. 'रात्री तीनला कूस बदलताना कधी कधी मनात येतं, की या सुटतील कधी.' थोडे थांबून त्यांनीच दुरुस्ती केली, 'या सुटतील असं म्हणते मी. खरं म्हणजे मी.'

स्वार्थाचा प्रश्न या वाक्यातून उगवलेला होता. दहा दिवस घर सोडण्याची त्यांना तेवढी भीती नव्हती. घर सोडून शांत बसल्यावर आपण आतून कोण निघू, याची होती. मी त्यांना लगेच धीर दिला नाही, कारण घाईने दिलेला धीर म्हणजे 'हे बोलू नका' असेच सांगणे असते. काही वेळाने मी एवढेच सांगितले की दीर्घ आजाऱ्याची सेवा करणाऱ्या माणसांकडून हा विचार मी अनेकदा ऐकलेला आहे. जे मनापासून करतात त्यांच्याच तोंडून अधिक ऐकलेला आहे, आणि तो विचार मनात असताना सुनंदाताईंचे हात सासूबाईंच्या खांद्याखाली होते, ही गोष्ट त्यांनी स्वतःविषयीचा निकाल देताना विसरू नये. त्या रडल्या. मी खिडकी उघडली.

मग मी विचारले, 'सासूबाईंना विचारलंत का?' हे त्यांच्या डोक्यातही आले नव्हते. आपल्याकडे आजारी माणसाविषयी सगळे ठरते, त्याच्यासमोर ठरते, परंतु त्याला विचारून ठरत नाही. बोलता बोलता कळले की सासूबाई स्वतः त्र्यंबकेश्वरहून निघणाऱ्या निवृत्तिनाथांच्या पालखीसोबत अकरा वर्षे पंढरपूरला पायी गेलेल्या आहेत. म्हणजे दर वर्षी जवळजवळ महिनाभर त्या घराबाहेर असत, आणि घर सांभाळत होत्या नवीन लग्न झालेल्या सुनंदाताई. 'तेव्हा त्यांना कोणी स्वार्थी म्हणालं?' या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, 'छे, परत आल्या की आम्ही पाया पडायचो त्यांच्या.' हे वाक्य उच्चारल्यावर त्या स्वतःच हसल्या. त्या रात्री त्यांनी सासूबाईंना विचारले. सासूबाईंनी धडधाकट डावा हात उचलला आणि दाराकडे केला.

यजमानांशी बोलणे अधिक कठीण गेले. ते भेटीला आले, मृदू स्वभावाचे गृहस्थ, आणि बायकोविषयी त्यांच्या मनात खरा आदर होता. 'आईला हिच्याच हाताची सवय आहे,' असे ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. हे कौतुक आहे असे त्यांना वाटत होते, आणि चार वर्षे सुनंदाताईंनाही तसेच वाटले होते. मी त्यांना विचारले की आईची कूस तुम्ही शेवटची कधी बदललीत. ते गप्प राहिले. मग हळूच म्हणाले, 'भीती वाटते. तिला दुखलं तर?' एवढ्या प्रामाणिक उत्तरावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. शिकवणेच शक्य होते. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने त्यांना दोन संध्याकाळ घालवून शिकवले : दुमडलेली चादर कमरेखाली ठेवून तिच्या आधाराने शरीर ओढायचे, हाताला धरून ओढायचे नाही, कुशीवर वळवले की पाठीशी एक उशी, गुडघ्यांमध्ये दुसरी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत. हवेची गादी आणली गेली. तिने कूस बदलणे टळत नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले. आठवड्यातून दोन रात्री रुग्णसेवेसाठी माणसे पुरवणाऱ्या ब्यूरोतून मावशी, पहिली पाळी असलेल्या आठवड्यात दोन रात्री यजमान, उरलेल्या सुनंदाताई. पैशांचा हिशेब झाला, थोडी कुरकुर झाली, मुलाने मावशींचा खर्च उचलला.

रंगीत तालीम म्हणून त्या एका शनिवारी-रविवारी सिन्नरला बहिणीकडे गेल्या. परत आल्यावर मी विचारले, किती फोन झाले? नऊ. त्यांतले सात त्यांनी स्वतः केलेले होते. महिन्याभराने पुन्हा गेल्या, तेव्हा तीन.

त्यानंतर बहिणीबरोबर गोंदवल्याला तीन दिवस. माण तालुक्यातील या गावी ब्रह्मचैतन्य महाराजांची समाधी आहे. महाराजांनी १९१३ मध्ये देह ठेवला, आणि आजही तेथे राहण्या-जेवणाची सोय होते, नामस्मरण चालू असते आणि कोणी कोणाला फारसे काही विचारीत नाही. सुनंदाताईंनी ठरवले होते की पहाटेची काकड आरती चुकवायची नाही. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी त्या दुपारच्या प्रसादापर्यंत झोपल्या, प्रसाद घेऊन आल्या आणि पुन्हा झोपल्या. 'इतक्या लांब जाऊन नुसती झोपले मॅडम, पाप लागेल का?' असे त्यांनी आल्यावर विचारले. मला हसू आवरले नाही. तिसऱ्या दिवशी काकड आरती त्यांना मिळाली, आणि ती त्यांनी मला इतक्या बारकाईने सांगितली, की तिकडे समई कुठल्या बाजूला होती हेसुद्धा मला आता सांगता येईल.

सहा महिन्यांनी त्या इगतपुरीला गेल्या. मौन असले तरी शिबिरात आचार्यांशी ठरलेल्या वेळी बोलता येते, अडचण असेल तर व्यवस्थापनाशीही बोलता येते, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते; 'दहा दिवस कोणाशीच नाही' या कल्पनेनेच काही जण आतल्या आत गुदमरतात. पाचव्या दिवशी त्यांना पिशवी भरून निघून यावेसे वाटले. गुडघे दुखत होते, आणि ज्याची भीती होती तो तीन वाजताचा विचार ध्यानात पुन्हा पुन्हा येत होता. दुपारी त्या आचार्यांकडे गेल्या, थोडे बोलल्या, परत येऊन बसल्या. 'तो आला, बसला, गेला,' असे त्या म्हणाल्या. 'पुन्हा आला. मग मी मोजायचं सोडून दिलं.' याहून अधिक त्यांनी सांगितले नाही आणि मी खोदून विचारले नाही. त्या आमूलाग्र बदलल्या वगैरे काही नव्हते. प्राचार्यांवरचा त्यांचा राग शाबूत होता आणि त्याविषयी आम्ही नंतर चार भेटी बोललो.

शिबिरानंतरच्या भेटीत त्यांनी तीच वही पुन्हा आणली होती. अकराव्या पानापुढे आता यजमानांचे अक्षर होते, तिरके आणि मोठे. त्यांनी प्रत्येक रात्रीची नोंद केली होती. एके ठिकाणी लिहिले होते : '३.०० डावी कूस. आई जागी होती. वारीतलं काहीतरी सांगत होती, अर्धं कळलं.' दुसऱ्या पानावर खुब्याजवळ त्वचा लालसर दिसल्याची आणि डॉक्टरांना फोन केल्याची नोंद होती. मी पाने उलटत असताना सुनंदाताईंनी दोन रात्रींवर बोट ठेवले. तेथे पाचच्या पुढची जागा कोरी होती. पूर्वी अशी चूक त्यांच्या हातून झाली असती, तर त्या आठवडाभर स्वतःला क्षमा करू शकल्या नसत्या, हे मला ठाऊक होते, म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले.

'झोप लागली असणार त्यांना,' त्या म्हणाल्या, आणि वही मिटून पिशवीत ठेवली.