दानीएल ७ चा तक्ता जुळत नसेल तर: आधी मोजणी ठरवा, नावं नंतर

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि ओळखीचं दुखणं दिसलं. गुरुवारच्या अभ्यासगटात बायबलमधल्या दानीएलाच्या ग्रंथाचा सातवा अध्याय तुम्हाला घ्यायचा आहे: समुद्रातून निघणारी चार श्वापदं (सिंह, अस्वल, चित्ता आणि दहा शिंगांचं चौथं) म्हणजे चार राज्यं, आणि चौथ्याच्या डोक्यावर उगवणारं लहान शिंग. हातात जो रंगीत छापील तक्ता आहे त्यात अस्वलापुढे ‘मेदय-पारस’ (प्राचीन इराणातली दोन राज्यं) आहे आणि खालीच ‘रशिया’ही आहे. लहान शिंगापुढे अंतियोख हा ग्रीक राजा आहे, चौथ्या श्वापदापुढे रोम आहे, आणि मोजायला बसलं की चारची पाच साम्राज्यं होतात. हा तक्ता इंदूरमध्ये बऱ्याच घरांत आहे. गोंधळ तुमच्या वाचनात नाही, तक्त्यातच आहे.

आधीच सांगते, मी पाळक नाही आणि माझ्याकडे धर्मशास्त्राची पदवी नाही. तुमच्या मंडळीची या अध्यायाबद्दल ठरलेली शिकवण असेल तर बैठकीआधी पाळकांशी बोलून घ्या. सिंह कुठे, अस्वल कुठे, बेलशस्सर कोण, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे लिहिते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे दोन वेगळ्या मांडण्यांचे अर्धे-अर्धे तुकडे एका कागदावर चिकटवणं. या अध्यायाच्या मुख्य मांडण्या तीन आहेत. पहिलीत क्रम असा: बाबेल (बॅबिलोन), मेदय-पारस मिळून एक, ग्रीस, रोम. दुसरीत बाबेल, मेदय वेगळं, पारस वेगळं, आणि चौथं ग्रीस. तिसरीत बाबेल, मेदय-पारस, एकटा सिकंदर, आणि चौथं त्याच्या सरदारांची राज्यं. पहिली मांडणी जेरोम या ख्रिस्ती विद्वानाने इ. स. ४०७ च्या आपल्या भाष्यात ठामपणे धरली आणि बहुतेक मंडळ्यांत तीच चालत आली. तिसरी त्याच्या आधीच्या, तिसऱ्या शतकातल्या पॉर्फिरी या ख्रिस्तविरोधी विद्वानाची, जिचं खंडन जेरोम करत होता. दुसरी आज विद्यापीठांतले बहुतेक अभ्यासक धरतात. तिन्हींत बेरीज चारच येते, कारण प्रत्येक मांडणी एका जागी जोडते आणि दुसऱ्या जागी तोडते.

आता तुमचा तक्ता पाहा. अस्वल एका अंगाने उचललेलं, म्हणून पारस मेदयांपेक्षा वरचढ. तोंडातल्या तीन फासळ्या म्हणजे लुदिया, बाबेल आणि मिसर (इजिप्त). हे स्पष्टीकरण मेदय-पारस एकच धरल्याशिवाय चालत नाही, म्हणजे हा तुकडा पहिल्या किंवा तिसऱ्या मांडणीचा झाला. चार पंखांचा चित्ता म्हणजे सिकंदर, हेही त्याच मांडण्यांतलं. पण त्यानंतर लहान शिंग म्हणजे अंतियोख चौथा. तो तर सेल्युकस या सिकंदराच्या सरदाराच्या ग्रीक घराण्यातला, राज्यकाळ इ. स. पू. १७५ ते १६४. त्याचं शिंग चौथ्या श्वापदाच्या डोक्यावर ठेवलं की चौथं श्वापद ग्रीक होतं. मग चित्ताही ग्रीक, चौथंही ग्रीक, आणि रोमसाठी जागा हवी म्हणून कुणीतरी पाचवी ओळ आखली. रशिया तर कुठल्याच मांडणीतला नाही. ते अस्वल युरोपातल्या व्यंगचित्रांतून आलं आणि बाबेलमध्ये पाहिलेल्या स्वप्नात जाऊन बसलं.

ज्या पत्र-अभ्यासक्रमाच्या कार्यालयातून हा तक्ता निघतो त्याचं नाव इथे घेत नाही. पण एवढं बोलल्याशिवाय राहवत नाही. त्या तक्त्यावर एकाही वचनाचा क्रमांक नाही. आधार विचारला की उत्तराऐवजी पुढचा धडा येतो. ‘चौथं श्वापद’ यापुढे त्यांचा ठरलेला शब्द नसेल तर गुण कापले जातात, पण का कापले ते लिहिलेलं नसतं. आमच्या गटाचे कित्येक महिने त्या तक्त्याचं समर्थन करण्यात गेले, आणि प्रामाणिकपणे प्रश्न विचारणारे काही जण यायचे थांबले. याचं मला आजही वाईट वाटतं. देवाचं वचन शिकवणाऱ्याने ‘हे वचनात आहे’ आणि ‘हे आमचं मत आहे’ यांत रेघ मारलीच पाहिजे.

म्हणून तक्ता बाजूला ठेवा आणि वहीचं पान आडवं धरून चार रकाने आखा: वचन, काय दिसलं, ग्रंथाने स्वतः काय उलगडलं, लोक काय म्हणतात. पहिले तीन रकाने पेनाने भरा, चौथा पेन्सिलने. तिसरा रकाना भरताना लक्षात येईल की ग्रंथ नाव घेऊन सांगतो अशी ठिकाणं फार थोडी आहेत. २:३८ मध्ये (दुसरा अध्याय, अडतिसावं वचन) बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला, त्याच्या स्वप्नातल्या पुतळ्याचं ‘सोन्याचं डोकं तूच’ असं सांगितलं आहे. ८:२० मध्ये दोन शिंगांचा एडका म्हणजे मेदय आणि पारस. ८:२१ मध्ये बकरा म्हणजे ग्रीस, आणि त्याचं मोठं शिंग म्हणजे पहिला राजा. सातव्या अध्यायात देवदूत एकाही राज्याचं नाव घेत नाही. ७:१७ म्हणतं, चार राजे. ७:२३ म्हणतं, चौथं राज्य. बस. चौथ्याचं नाव कुठेच नाही, म्हणून चौथ्या नावावर भांडण नेहमी होणार. गटाला हे सुरुवातीलाच सांगितलं तर पुढचा अर्धा वाद टळतो.

कुठली मांडणी घ्यायची? माझं मत पहिल्या बाजूला झुकतं. ५:२८ मध्ये बाबेलचं राज्य मेदी आणि पारसी यांना एकत्रच दिलं जातं, सहाव्या अध्यायात कायदा ‘मेदी व पारसी यांचा’ आहे, आणि आठव्यात दोन शिंगं एकाच एडक्याला आहेत. इतिहासही तसाच: पारसाचा राजा कोरेश (सायरस) याने इ. स. पू. ५५० च्या सुमारास मेदयांची सत्ता घेतली आणि ५३९ मध्ये बाबेल. मधे मेदयांचं स्वतंत्र जागतिक साम्राज्य बसवायला जागा राहत नाही. शिवाय पहिल्या शतकाच्या अखेरच्या ४ एज्रा या यहुदी ग्रंथात (१२:११-१२) समुद्रातून निघालेल्या गरुडाबद्दल सांगितलं आहे की दानीएलाने पाहिलेलं चौथं राज्य ते हेच, पण त्याला ते असं उलगडून दाखवलं नव्हतं. तो गरुड म्हणजे रोम. म्हणजे त्या काळच्या निदान काही यहुद्यांनाही चौथं रोमच वाटत होतं.

पण दुसऱ्या बाजूचं बळ लपवू नका. आठवा अध्याय ग्रीक घराण्याशीच थांबतो. अकराव्या अध्यायात उत्तरेचा राजा आणि दक्षिणेचा राजा यांच्या ज्या हालचाली आहेत त्या सेल्युकस (सीरिया) आणि टॉलेमी (मिसर) या ग्रीक घराण्यांच्या इतिहासाशी बारकाईने जुळतात आणि अंतियोखावर येऊन रेंगाळतात. ५:३१ मध्ये राज्य हाती घेणारा दारयावेश ‘मेदी’ म्हटला आहे, त्यावरून मेदयांचा वेगळा टप्पा धरणारे अभ्यासक आहेत. हे मुद्दे गटातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांनी कुठेतरी वाचलेले असतातच. ते आधी तुमच्या तोंडून ऐकले तर त्यांचा विश्वास बसतो.

दोन लहान शिंगांचं प्रकरण जपून घ्या, तक्ता घसरतो तो इथेच. सातव्यातलं शिंग चौथ्या श्वापदाच्या दहा शिंगांमधून निघतं, तीन उपटली जातात, त्याला माणसाचे डोळे आणि मोठमोठ्या गोष्टी बोलणारं तोंड आहे, मुदत ‘एक काळ, दोन काळ व अर्धा काळ’. आठव्यातलं बकऱ्याच्या चार शिंगांपैकी एकातून निघतं, दक्षिणेकडे, पूर्वेकडे आणि वैभवी देशाकडे (इस्राएलाकडे) वाढतं, मुदत २३०० संध्याकाळ-सकाळ. दोन्ही उद्धट आहेत, दोन्ही पवित्र जनांवर उठतात. पण ती एकच आहेत असं ग्रंथ म्हणत नाही. आठव्यातलं शिंग अंतियोख हे जवळजवळ सगळे मान्य करतात: त्याने इ. स. पू. १६७ मध्ये यरुशलेमचं मंदिर विटाळलं आणि १६४ मध्ये ते पुन्हा शुद्ध झालं. सातव्यातलं कोण, ते तुम्ही निवडलेल्या मांडणीवर ठरतं. पहिली मांडणी घेणाऱ्याने तिथे अंतियोख लिहूच नये.

चित्त्याची चार डोकी आणि बकऱ्याची चार शिंगं समजावताना इंदूरात फार कष्ट नाहीत. एका मराठी सत्तेतून होळकर, शिंदे, गायकवाड, पवार अशी घराणी उभी राहिली, हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. सिकंदर इ. स. पू. ३३४ मध्ये आशियात उतरला, ३३१ मध्ये गौगामेलाला पारसांचा कणा मोडला, ३२३ मध्ये वारला. इप्ससच्या ३०१ च्या लढाईनंतर कसांडर, लायसिमाखस, सेल्युकस आणि टॉलेमी असे चार वाटे ठळक झाले. ८:५ मधला बकरा जमिनीला पाय न लावता येतो, तो हा वेग.

श्वापदंच का, असं कुणी विचारलं तर होशेय १३:७-८ उघडायला सांगा. सिंह, चित्ता, अस्वल आणि रानटी श्वापद, चौघं तिथे आधीच आहेत. यिर्मया ४९:१९ आणि ४९:२२ मध्ये शत्रू सिंहासारखा चढून येतो आणि गरुडासारखा झेपावतो, म्हणून सिंहाला गरुडाचे पंख ऐकणाऱ्यांना परके वाटले नसतील. पंख उपटून त्याला माणसाचं मन दिलं, ते चौथ्या अध्यायातल्या नबुखद्नेस्सराशी जोडून वाचा. चित्राचा अर्थ आधी त्याच ग्रंथात, मग इतर संदेष्ट्यांत, मग इतिहासात शोधायचा. वर्तमानपत्र या यादीत नाही. दहा शिंगं म्हणजे युरोपचा आर्थिक समुदाय, असं एकेकाळी फार जोरात शिकवलं गेलं. १९८१ मध्ये ग्रीस दहावा सदस्य झाला तेव्हा तर अनेकांना खात्रीच पटली. १९८६ मध्ये सदस्य बारा झाले. शिंगं दहाच राहिली.

आकड्यांचा मोह बैठकीत आवरा. काळ म्हणजे वर्ष आणि महिना ३० दिवसांचा धरला की साडेतीन काळ आणि प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या ग्रंथातले ४२ महिने व १२६० दिवस एकच, एवढं फळ्यावर दाखवणं पुरे. दिवसाला वर्ष धरणारे गणना १४:३४ आणि यहेज्केल ४:६ पुढे करतात, पण ती वचनं त्या-त्या प्रसंगापुरती आहेत, असं माझं मत. याच हिशेबाने इ. स. पू. ४५७ पासून २३०० वर्षं मोजली गेली. साधी वजाबाकी १८४३ देते, पण शून्य वर्ष नसल्याने एक मिळवावा लागतो आणि १८४४ येतं. २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहत अमेरिकेत हजारो लोक बसले होते आणि तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. २३०० संध्याकाळ-सकाळ म्हणजे २३०० दिवस की सकाळ-संध्याकाळची मिळून २३०० अर्पणं, म्हणजे ११५० दिवस, यावरही एकमत नाही.

प्रकटीकरणात शिरलात तर फक्त तेरावा अध्याय जोडा. १३:२ मध्ये चित्ता, अस्वल, सिंह असा दानीएलाचा क्रम उलटा येतो, जणू प्रकटीकरण लिहिणारा योहान मागे वळून पाहतो आहे. दानीएलातली डोकी मोजा: सिंहाचं एक, अस्वलाचं एक, चित्त्याची चार, चौथ्याचं एक. सात. शिंगं दहा. समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाला नेमकी सात डोकी आणि दहा शिंगं आहेत. माझ्या मते हे एक निरीक्षण गटाला सगळ्या तक्त्यांपेक्षा जास्त देतं: योहानाने चारही साम्राज्यांची हिंसा एकाच देहात पाहिली. १७:९ मधल्या सात डोंगरांवरून बहुतेक जण रोम धरतात. १७:१० मधले ‘पाच पडले, एक आहे’ हे राजे मात्र सम्राट मानायचे की मिसर-अश्शूरपासूनची साम्राज्यं, यावर मत फुटतं. ते दुसऱ्या दिवशी घ्या.

प्रकटीकरण १३:१८ मधला श्वापदाचा आकडा ६६६ कुणीतरी काढणारच. इब्री अक्षरांना आकड्यांची किंमत असते; त्यांत ‘नेरोन केसर’ (रोमचा सम्राट नीरो) लिहिलं तर ५०+२००+६+५० आणि १००+६०+२०० मिळून ६६६ होतात. शेवटचा ‘न’ गाळला तर ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरोखर ६१६ आहे. देवनागरी किंवा इंग्रजी अक्षरांना आपल्या मनाने आकडे देऊन शेजाऱ्याचं, पक्षाचं किंवा दुसऱ्या समाजाचं नाव त्यात बसवू देऊ नका. तिथे गटप्रमुखाने ठामपणे थांबवावं. ही चित्रं छळ सोसणाऱ्यांना धीर देण्यासाठी दिली गेली, कुणाला छळायला नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे घरी मराठी पवित्र शास्त्र आणि चर्चमध्ये हिंदी, असं चालतं. एडका आणि मेढ़ा असे शब्द दोन्हींत वेगळे दिसले की माणसं पान शोधत राहतात. म्हणून वचन वाचायला सांगताना शब्द न सांगता अध्याय आणि ओवी सांगा. दीड तास असेल तर ७:१-८ आणि ७:१५-२८ वाचायला वीस मिनिटं, रकाने भरायला चाळीस, आणि ७:९-१४ साठी उरलेला वेळ पूर्ण राखून ठेवा. श्वापदांच्या नादात पुराणपुरुषाचं, म्हणजे देवाचं, सिंहासन आणि मानवपुत्रासारखा जो येतो ते शेवटच्या पाच मिनिटांत उरकलं जातं, आणि अध्यायाचा मध्य तर तोच आहे. अकरावा अध्याय या बैठकीत उघडू नका. त्याला सेल्युकस-टॉलेमींची वंशावळ लागते, ती पुढच्या आठवड्यात. रकाने भरलेल्या पानाचा फोटो इथे टाकलात तर मी आणि इतर जण पाहून सांगू.