प्रभू येणार म्हणून अकरावीची फी थांबली

प्रश्न : ताई, आम्ही विक्रोळीत राहतो. सासरचे मूळ नगरकडचे, तीन पिढ्या ख्रिस्ती. मी लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा घेतला. वर्षभरापासून मिस्टर आमचं चर्च सोडून एका घरसभेला जातात. तिथले ब्रदर सांगतात, २०२८पर्यंत सगळं संपणार आणि विश्वासणारे त्याआधीच वर उचलले जाणार. मिस्टरांनी एसआयपी बंद केली. एफडी मोडून सभेला द्यायची म्हणतात. मुलीच्या अकरावीला ‘दोन वर्षांसाठी फी कशाला?’ धाकटा नऊ वर्षांचा. परवा मी दळण आणायला गेले तर बंद दार बघून तो जिन्यात रडत बसला होता. मम्मी उचलली गेली आणि आपण मागे राहिलो, असं त्याला वाटलं. माझी आई शेवटपर्यंत देवपूजा करत गेली. ती नरकात आहे असं मिस्टर मुलांसमोर म्हणतात. मी काय करू?

उत्तर : आधी धाकट्याचं. २०२८ आठवडाभर थांबेल, तो थांबू शकत नाही.

घराची एक किल्ली शेजारी ठेवा आणि ती कुठे आहे हे त्याला दाखवून ठेवा. बाहेर जाताना कुठे चाललात आणि किती वाजता येणार, हे शेजारी सांगून जा आणि सांगितलेली वेळ पाळा. सभेचे व्हिडिओ घरात स्पीकरवर लागत असतील तर ‘इयरफोन लावा’ एवढंच मिस्टरांना सांगा. बंद करा म्हणालात की वाद धर्माचा होतो. दोन-तीन आठवड्यांनीही झोप उडालेली असेल किंवा तो शाळेला जायला घाबरत असेल, तर मुलांच्या समुपदेशकाकडे न्या. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे.

मग एका संध्याकाळी त्याला जवळ घेऊन, ज्या वचनावरून ही भीती आली तेच वाचा : पहिलं थेस्सलनीकाकरांस पत्र, ४:१३ ते १८. सभांमध्ये बहुतेक वेळा सतराव्या, वर उचललं जाण्याच्या ओवीवर थांबतात. अठरावी सांगते की या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. हे पत्र साधारण इसवी सन ५० च्या सुमाराचं. थेस्सलनीका या ग्रीक शहरातल्या मंडळीतली काही माणसं वारली होती आणि प्रभू येईल तेव्हा ती मुकतील का, ही मागे उरलेल्यांची काळजी होती. पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, मुकणार नाहीत, उलट तीच आधी उठतील. दुःखातल्या घराला लिहिलेलं हे समाधानाचं पत्र आहे.

त्यातल्या ‘सामोरे जाणे’ या शब्दाकडेही बघा. मूळ ग्रीक शब्द मान्यवर पाहुण्याला वेशीबाहेर जाऊन भेटण्यासाठी आणि त्याच्यासोबत गावात परतण्यासाठी वापरत. दहा कुमारींच्या दाखल्यात नवऱ्या मुलाला सामोरं जाण्यासाठी हाच शब्द आहे, आणि प्रेषितांची कृत्ये २८:१५ मध्ये रोमचे बंधू पौलाला वाटेत भेटून त्याला शहरात घेऊन येतात तिथेही. तुमच्या माहेरी सीमांतपूजन झालं असेलच. वरपक्षाला सीमेवर भेटायचं आणि मांडवात आणायचं. म्हणून पुष्कळ अभ्यासक इथे पृथ्वी सोडून पळणं वाचत नाहीत, येणाऱ्या राजाचं स्वागत वाचतात.

‘एक घेतला जाईल, एक ठेवला जाईल’ हे मत्तय २४:४० मुलाला पाठ असणार. त्याला आधीची ओवी दाखवा, ती नोहाच्या दिवसांची आहे. तिथे पुराने नेलं ते बुडाले, मागे राहिला तो नोहा. सगळे अभ्यासक असं वाचत नाहीत, पण नऊ वर्षांच्या पोराने ‘मागे राहणं’ म्हणजे शिक्षाच असं समजायचं कारण नाही.

आता २०२८. हा आकडा बहुधा असा येतो : मत्तय २४ मधलं अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, ते १९४८ साली पालवलं, ‘ही पिढी’ सरण्याआधी सगळं होईल, आणि स्तोत्र ९०:१० प्रमाणे पिढी ८० वर्षांची. बेरीज २०२८. गणित बरोबर आहे, गृहीतकं कच्ची आहेत. स्तोत्र माणसाच्या आयुष्याबद्दल बोलतं, पिढीची व्याख्या करत नाही. लूक २१:२९ मध्ये तोच दाखला ‘अंजिराचं झाड व इतर सर्व झाडं पाहा’ असा आहे, मग एकच झाड इस्राएल कसं? याआधी पिढी ४० वर्षांची धरून १९८८ काढलं होतं. ते गेलं तशी पिढी लांबली. आणि या सभांत शिकवतात तसं, उचललं जाणं शेवटाआधीच्या सात वर्षांच्या संकटाआधी असेल, तर या हिशेबाने ते २०२१ सालीच व्हायला हवं होतं. ब्रदरना हे विचारायला हरकत नाही, नम्रपणे.

अशा तारखा आधीही निघाल्यात. अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची वर्षं करून प्रभूच्या येण्याचा दिवस २२ ऑक्टोबर १८४४ धरला होता. अमेरिकेतल्याच रेडिओ-प्रचारक हॅरल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ सांगितला, तो गेल्यावर २१ ऑक्टोबर. पुढच्या वर्षी त्याने चूक कबूल केली, पण तोवर काहींनी नोकऱ्या सोडून साठवलेला पैसा जाहिरातींत घातला होता. दिवस आणि घटका पुत्रालाही ठाऊक नाही, हे मत्तय २४:३६ मध्ये स्वतः येशू म्हणतो. यावर ‘दिवस नाही, पण वर्ष कळतं’ अशी पळवाट काढतात. कृत्ये १:७ तीही बंद करतं, काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही.

मिस्टरांशी बोलताना प्रभूच्या येण्यावर प्रश्न उभा करू नका. ‘जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करण्यास तो येईल’ हे तुमच्या चर्चमध्येही मतांगिकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, म्हणतात. येण्याच्या सात वर्षं आधी गुपचूप उचललं जाणं ही मात्र वेगळी शिकवण आहे. १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी या प्रचारकाने ती मांडली आणि १९०९ च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांमुळे ती जगभर पसरली. ती न मानणारा अविश्वासू ठरत नाही. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन यांच्या अधिकृत शिकवणीत ती नाही.

पैशाचं. एसआयपीवर भांडू नका. आधीचे युनिट तसेच राहतात आणि ती पुन्हा सुरू करता येते. एफडी कोणाच्या नावावर आहे ते पावतीवर बघा. दोघांच्या नावावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ असली, तरी मुदतीआधी मोडायला बऱ्याच बँका दोघांच्या सह्या मागतात. शाखेत जाऊन विचारा. एकट्या त्यांच्या नावावर असेल तर सही अडवता येणार नाही, तिथे तडजोडच : द्यायचं ते महिन्याच्या पगारातून, साठवलेल्याला हात नाही. विम्याची पॉलिसी मात्र सरेंडर होऊ देऊ नका. सुरुवातीच्या वर्षांत भरल्यापेक्षा फार कमी हातात येतं आणि पुढे नवी घ्यायची तर वयामुळे महाग पडते.

त्यांना पटेल असं वचन लूक १९:१३ आहे. धनी दूर जाताना चाकरांना पैसे देऊन म्हणतो, मी येईपर्यंत व्यापार करा. मत्तय २५:२७ मध्ये तर पैसा पुरून ठेवणाऱ्याला, निदान सावकाराकडे ठेवला असतास तर व्याज मिळालं असतं, असं सुनावलंय. (दाखला गुंतवणुकीचा नाही हे खरं, पण एफडी मोडण्याच्या बाजूचा तर अजिबात नाही.) थेस्सलनीकातही प्रभूचा दिवस आलाच असा गवगवा होऊन काहीजण कामधंदा न करता फिरू लागले होते. दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय त्यांच्यासाठी आहे. १ तीमथ्य ५:८, घरच्यांची तरतूद न करणाऱ्याबद्दलचं, तोंडावर फेकू नका. ते फार लागतं.

तुमच्या आईबद्दल मंडळ्यांचं एकमत नाही. काही योहान १४:६ धरून ख्रिस्तावर विश्वास नाही तर तारण नाही असं कडक मानतात. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, स्वतःच्या दोषाविना सुवार्ता न कळलेल्या पण प्रामाणिक मनाने देवाला शोधणाऱ्यांनाही तारण मिळू शकतं असं म्हटलं. रोमकरांस २:१४-१६ मध्ये नियमशास्त्र नसलेल्यांच्या विवेकाची साक्षही धरली आहे. पण निकाल आपण सांगू नये, यावर कडक मंडळीलाही बोलता येणार नाही : नेमलेल्या वेळेआधी न्याय करू नका, असं १ करिंथ ४:५ मध्ये सरळ लिहिलंय. ‘तारण होणारे थोडे आहेत का?’ असं विचारणाऱ्याला येशूने संख्या दिली नाही, तू खटपट कर म्हणाला (लूक १३). आणि मत्तय २५ मध्ये न्यायासनासमोर विचारलं जातं ते भुकेल्याला, तहानलेल्याला, परक्याला, उघड्याला, आजाऱ्याला आणि कैद्याला काय दिलंत हे. तारण कृपेने की कर्माने हा जुना वाद आहे, तो जेवणाच्या ताटावर सुटणार नाही. आजी नरकात आहे हे वाक्य मुलांसमोर पुन्हा नको, एवढं मात्र ठाम सांगा. इथे आवाज चढला तरी चालेल.

तुमच्या जुन्या पाळकांना फोन करून वेळ घ्या. रविवारी उपासना सुटल्यावर चारचौघांत विषय काढलात तर मिस्टर पुन्हा पायरी चढायचे नाहीत. घरी, चहाला, त्यांचा मान राखून बोलणं व्हावं. मिस्टर रात्र-रात्र झोपत नसतील, कामावर जाणं सुटलं असेल किंवा देव फक्त आपल्याशीच बोलतो असं म्हणत असतील, तर पाळकांच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ. आणि मुलीला मिळालेली जागा मुदतीत प्रवेश निश्चित केला नाही तर जाते, तेव्हा ही भेट त्या तारखेच्या आत घ्या. तोवर मिस्टर तयार झाले नाहीत, तर फी तुम्ही भरा आणि पावती घरी दाखवा.