जीपचं बेरिंग कसून भागेल का, की बदलायचंच?

तुम्ही लिहिलंय: जुनी महिंद्रा जीप घेतली, पुढच्या डाव्या चाकाला घरघर आहे, मिस्त्री म्हणतो नट कसून देतो, बदलायची गरज नाही. हे मी 2008 साली ऐकलंय, आणि मिस्त्रीपेक्षा जास्त माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून.

घरची कमांडर होती, महिंद्राचीच जीप. पन्नासच्या पुढं गेली की डावीकडून हूंऽऽ सुरू. उजव्या वळणाला वाढायचा, कारण तेव्हा भार डाव्या चाकावर येतो. मी म्हटलं, बेरिंग गेलंय. दादा म्हणाला, "गेलंय कुठलं, सैल झालंय." महिन्यात तीनदा कसून घेतलं. तिसऱ्यांदा तर पाना लावून वर लाथ मारली, म्हणजे पुन्हा सैलच व्हायला नको!

पुढच्याच आठवड्यात चुलत बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. आंबा घाट उतरून साखरप्यात चहाला थांबलो तर जळक्या ग्रीसचा वास. डाव्या रिमवर ग्रीस ओघळलेलं. चाक खोललं तर बाहेरच्या बेरिंगचा कोन, म्हणजे रोलरवाली आतली रिंग, निळा पडलेला, आणि स्पिंडलवरच, म्हणजे चाक ज्या दांड्यावर फिरतं त्यावरच, फिरून त्यानं स्पिंडल खाल्लेला. वऱ्हाड दुसऱ्या गाडीतून पुढं गेलं, मी जुना कोन आणि कप (बेरिंगची बाहेरची रिंग) पिशवीत घालून एसटीनं उलटा कोल्हापूरला. अक्षता चुकल्या, जेवण चुकलं. बेरिंगचे पैसे वाचवायला गेलो आणि स्पिंडलही घ्यावा लागला.

कसून प्ले, म्हणजे सैलपणा, जातो. कपात पडलेले खड्डे जात नाहीत. एवढं साधं आहे, पण कसायला दहा मिनिटं लागतात आणि बदलायला अर्धा दिवस, म्हणून मिस्त्री कसूनच देतो.

चाक जॅकवर घ्या, वर-खाली धरून हलवा. हललं तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर बेरिंगचा प्ले. तरीही हलत असेल तर बेरिंगच्या मागं लागू नका, किंगपिनकडं बघा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिकडं. नुसता प्ले असेल, फिरवताना आवाज नसेल, तर खुशाल कसा: चाक फिरवत नट आवळायचा, मग थोडा मागं घ्यायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे. तुमच्यासारखी घरघर असेल तर खोला, धुवा, बघा. खड्डा किंवा निळा डाग दिसला की कोन आणि कप जोडीनं बदला, ऑइल सीलही नवं. नुसता कोन बदलून जुना कप ठेवणारा मिस्त्री दिसला तर गाडी तशीच बाहेर काढा.

काम झाल्यावर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर जास्त कसलंय.

हां, हे सगळं कोन-कपवाल्या हबचं. मारुती 800 सारख्या गाडीत पुढं बंद बॉल बेरिंग दाबून बसवलेलं असतं, तिथं कसण्याचा प्रश्नच नाही.

दादा अजून म्हणतो, घाटात ब्रेक तापले म्हणून ते झालं. घाट दोन्ही चाकं उतरली होती. उजव्या हबवर मी हात ठेवून उभा होतो, चहा येईपर्यंत.