ठाण्याहून आई-बाबांना घेऊन टूसॉनला: निवडुंगांमधली सोपी वाट कोणती?

डिसेंबरात अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या टूसॉनला जाताय आणि सोबत साठी ओलांडलेले आई-बाबा आहेत, तर सवारो नॅशनल पार्कच्या पश्चिम भागातली डेझर्ट डिस्कव्हरी नेचर ट्रेल धरा. अर्ध्या मैलाची, म्हणजे जेमतेम 800 मीटरची पक्की गोल वाट. उपवन तलावाला रोज फेरी मारणाऱ्यांना काहीच वाटणार नाही. दम उरलाच तर व्हॅली व्ह्यू ओव्हरलूक: जाऊन-येऊन 0.8 मैल, थोडा चढ, वरून सवारोंचं, म्हणजे खांबासारख्या उंच निवडुंगांचं, रान दिसतं.

पाण्याचं मात्र ऐका. ठाण्यात शर्ट अंगाला चिकटला की आपण आपोआप बाटली काढतो. तिथल्या कोरड्या हवेत घाम जागच्या जागी वाळतो, कळतच नाही. छोट्या वाटेलाही माणशी लिटरभर पाणी हवंच. येऊरसारखी झाडी नाही, त्यामुळे टोपी विसरू नका. सकाळी गारठा असतो, एक स्वेटर असू द्या.

आणि चोया! दिसायला मऊ, लोकरीसारखा निवडुंग. जरा धक्का लागला की त्याचा तुकडा सुटून कपड्याला चिकटतो. हाताने ओढलात तर तोच बोटांत रुततो. साधी फणी तुकड्याखाली सरकवून झटका द्या, उरलेले काटे चिमट्याने काढा. फोटोसाठी मागे सरकताना आधी मागे बघा. (बाबांना विशेष सांगा.)

सवारोला फांद्या फुटायलाच साधारण 50 ते 75 वर्षं लागतात, हे आईला सांगा, ती प्रत्येकापाशी थांबेल. तेवढा वेळ धरूनच निघा. पायात बूटच हवेत, सँडल नकोत.